नाशिकच्या आमदाराचं मत कुठे ठरतं? उद्योग, युनियन आणि देणगीदारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्योगपतींच्या सांगण्यावरून आमदार विधानसभेतलं मत बदलतो का?

फार क्वचित. कारण मत बदलायला त्याच्याकडे जागाच उरलेली नाही. १९८५ मध्ये राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली, तेव्हापासून पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला की त्याविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. त्यातही बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाकांवरून "होय" असा आवाज येतो, विधेयक मंजूर. सिन्नरच्या किंवा निफाडच्या आमदाराने नेमकं काय म्हटलं, याची नावानिशी नोंद होत नाही. कोणी मतविभागणी मागितली तरच नावं कागदावर येतात, आणि ती क्वचित मागितली जाते.

म्हणून "आमच्या आमदाराने कोणाच्या बाजूने मत दिलं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "पक्षाच्या" एवढंच असतं. दबावाचं खरं काम मतदानाच्या कितीतरी आधी उरकलेलं असतं. हे लक्षात आलं की पुढचे सगळे प्रश्न सोपे होतात.

मग दबाव पडतो तरी कुठे?

आमदार सभागृहात कोणता विषय काढतो आणि कोणता काढत नाही, तिथे. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी), औचित्याचा मुद्दा, कपात सूचना (खात्याचा निधी कमी करा असं सुचवून त्यावर बोलायची) ही त्याची खरी हत्यारं आहेत, आणि त्यांना व्हिप लागत नाही. औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी नाल्यात सोडलं जातं यावर लक्षवेधी लागली की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. ती लागलीच नाही, तर कोणालाच काही बोलावं लागत नाही. न विचारलेल्या प्रश्नाची कुठेच नोंद नसते. प्रभाव मोजायला म्हणूनच अवघड जातं.

दुसरी जागा म्हणजे मंत्रालय. कितीतरी मोठे निर्णय सभागृहात मतदानाला येतच नाहीत, ते मंत्रिमंडळात ठरतात किंवा शासन निर्णय काढून होतात. आपल्या जिल्ह्यातली वाइन घ्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वायनरींना उत्पादन शुल्कात सूट मिळाली, आणि दिंडोरी, सावरगाव, विंचूरकडे हा धंदा उभा राहिला. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. द्राक्षबागायतदार आणि वायनरी खूश झाले, बाकी महाराष्ट्रातून जोराचा विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अंमलात आला नाही. या सगळ्या काळात एकाही आमदाराला या विषयावर "होय" किंवा "नाही" म्हणायची वेळ आली नाही.

निमा, आयमा या उद्योजकांच्या संघटना आमदारांकडे काय मागतात?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फार साध्या गोष्टी: रस्ते, पथदिवे, पाण्याचा दाब, विजेचा खंड, घरपट्टीचे दर, ट्रक टर्मिनल, अग्निशमन केंद्र, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. सातपूर आणि अंबड या वसाहती महापालिका हद्दीत येत असल्यामुळे एमआयडीसी आणि महापालिका या दोघांच्या कात्रीत उद्योजक सापडतो. खड्डा कोणी बुजवायचा यावर वर्षं जातात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, नाशिकचे उद्योजक तिला 'झूम' म्हणतात. तिथे जे सुटत नाही ते आमदाराकडे आणि पालकमंत्र्यांकडे जातं.

मोठी मागणी एकच आणि बरीच जुनी: नाशिकला एखादा मोठा अँकर उद्योग हवा, म्हणजे त्याच्याभोवती लहान पुरवठादार जगतील. महिंद्रा, बॉश, सीएट यांच्या आधारावर सुटे भाग बनवणारी शेकडो लहान युनिट सातपूर-अंबडमध्ये उभी राहिली, त्यामुळे ही मागणी समजण्यासारखी आहे. मोठी कंपनी स्थानिक आमदाराच्या दारात फारशी दिसत नाही, हेही सांगायला हवं. तिचं बोलणं थेट मुंबई-दिल्लीशी असतं. आमदाराकडे येतो तो वीस-पंचवीस कामगारांचा लहान कारखानदार.

कामगार युनियनचं वजन अजून आहे का?

आहे, पण गेटवर. मी सातपूरच्या एका कारखान्यात बरीच वर्षं काम केलं. पगारवाढीचा करार अडला की गेट मीटिंगला सगळी पाळी थांबायची, आणि तीच माणसं विधानसभेच्या मतदानाच्या वेळी जात, गाव आणि पक्ष पाहून चार दिशांना पांगायची. सिटू या कामगार संघटनेचे डॉ. डी. एल. कराड यांनी जिल्ह्यात कितीतरी करार घडवले. सातपूर, अंबड, सिडको ज्यात येतात त्या नाशिक पश्चिममधून विधानसभेलाही उभे राहिले, पण निवडून आले नाहीत. कामगारांच्या वस्त्यांनी भरलेल्या मतदारसंघात हे व्हावं याची मला आजही खंत वाटते.

त्यात कंत्राटी कामगारांची भर पडली आहे. कायम कामगार कमी होत गेले तसा युनियनचा आकडाही घटला. कंत्राटी मुलगा आज अंबडला, सहा महिन्यांनी गोंद्याच्या वसाहतीत. त्याचं नाव मतदार यादीत बहुतेक गावाकडेच असतं. अशा माणसाची आमदाराला भीती वाटण्याचं कारण नाही.

ज्या भागात संघटना आणि पक्ष एकच आहेत तिथलं चित्र वेगळं. सुरगाणा-कळवण पट्ट्यात किसान सभा आणि मार्क्सवादी पक्ष यांच्यात रेघ ओढता येत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत लाँग मार्च गेला, तेव्हा त्याच्या नेत्यांमध्ये कळवणचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित होते. वनजमिनींच्या प्रश्नावर सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. सभागृहात एकट्या आमदाराच्या भाषणाने ते झालं नसतं, आणि नुसत्या मोर्चानेही झालं असतं की नाही, शंका आहे.

अलीकडचा एक प्रसंगही पाहा. जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक (कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृतींविरुद्धचं) विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. त्यावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, त्यांत कामगार संघटनांच्याही होत्या. विधानसभेत मंजुरीच्या वेळी उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी. एकट्याने.

युनियन उमेदवाराला पैसे देऊ शकते का?

देऊ शकते, पण सर्वसाधारण निधीतून नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने त्यासाठी वेगळा राजकीय निधी ठेवायची सोय केली, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. त्या निधीत वर्गणी द्यायची सक्ती कोणत्याही सभासदावर करता येत नाही. प्रत्यक्षात युनियन पैशापेक्षा माणसं देते. प्रचाराला पंधरा दिवस निष्ठेने फिरणारे पन्नास कार्यकर्ते ही आजच्या निवडणुकीत मोठी देणगी आहे.

कांद्याच्या प्रश्नावर जिल्ह्याचे आमदार-खासदार इतके हतबल का दिसतात?

कारण कांद्याची किल्ली त्यांच्या हातात नाही. निर्यात शुल्क आणि निर्यातबंदी हे केंद्र सरकारचे विषय, आणि ते अधिसूचनेने होतात. आधी संसदेत चर्चा, मग मतदान, असा क्रम नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ रोजी थेट निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. लासलगावच्या शेतकऱ्याला या तारखा पाठ आहेत, कारण यातल्या प्रत्येक तारखेचा परिणाम त्याने दुसऱ्या दिवशी लिलावात पाहिला आहे.

या तारखांशेजारी निवडणुकांच्या तारखा ठेवा. जून २०२४ मधल्या लोकसभेच्या निकालात दिंडोरीतून केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार लाखाहून अधिक मतांनी पडल्या आणि शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. नाशिकमधून राजाभाऊ वाजे आले. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये होती, शुल्क निम्मं झालं त्याच्या दोन महिने आधी. त्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने जिंकल्या. शुल्क कमी झालं म्हणूनच हे झालं, असं मी म्हणणार नाही. लाडकी बहीण योजना होती, जागावाटप होतं, उमेदवार होते. पण शेतकऱ्याचं मत बाजारभावावर किती लवकर हलतं, हे दिल्लीला जूनमध्येच कळलेलं होतं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. "कांदा लॉबी" अशी एक लॉबी नाही. शेतकऱ्याला भाव हवा, व्यापाऱ्याला निर्यात सुरळीत हवी, हमाल-मापाऱ्याला हमाली, तोलाई आणि लेव्ही (माथाडी मंडळाकडे भरायची रक्कम) हवी. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा जिल्ह्यात लिलाव बंद पडले. हमाली आणि लेव्ही कोणी कापायची यावरूनही बाजार बंद राहिले आहेत. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन गेटवर उभा आणि आत भांडण दुसऱ्याच दोघांचं. अशा वेळी आमदार कोणाची बाजू घेतो ते बघावं. बहुतेक जण "सर्वांना बरोबर घेऊन तोडगा काढू" म्हणतात, कारण तिघेही त्यांचे मतदार आहेत आणि व्यापारी शिवाय देणगीदारही असू शकतो.

कधी हे तिघे नसले तरी दोघे एकत्र येतात, आणि मग सरकारही मागे येतं. बाजार समिती कायद्यातली एक दुरुस्ती नोव्हेंबर २०१८ मध्ये माथाडी कामगार आणि व्यापाऱ्यांच्या बंदनंतर विधान परिषदेत सरकारने मागे घेतली. कामगारांची युनियन आणि मालक हातात हात घालून उभे राहिले, असा तो दुर्मीळ दिवस होता.

उमेदवाराला कोणी पैसे दिले हे मला कळू शकतं का?

काही प्रमाणात, हो. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, लोकसभेला ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांच्या आत त्याला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशोब द्यावा लागतो. त्यात खर्चाबरोबर पैसा कुठून आला तेही लिहायचं असतं: स्वतःचा किती, पक्षाचा किती, इतर व्यक्ती किंवा कंपन्यांचा किती. ही कागदपत्रं सार्वजनिक आहेत. नाशिकला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत नाममात्र शुल्क भरून पाहता येतात.

ती जरूर पाहा, पण तिथे पूर्ण चित्र मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पक्षाच्या खर्चाला कायद्यात मर्यादा नाही. जेवणावळी, गाड्या, मंडळांच्या वर्गण्या, आचारसंहिता लागायच्या आधीचे हळदी-कुंकू आणि क्रिकेट सामने या हिशोबात येत नाहीत. स्थानिक बिल्डर किंवा ठेकेदार धनादेशाने देणगी देत नाही. तो मंडप घालतो, डिझेलचं बिल भागवतो, गावाच्या मंदिराला सभामंडप देतो. आणि नंतर रस्त्याची निविदा निघते. आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, शिवाय अर्थसंकल्पात आणि पुरवणी मागण्यांत आपल्या मतदारसंघाची कामं घुसवता येतात. ती कामं कोणाला मिळाली, हे देणगीच्या यादीइतकंच बोलकं असतं. सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकमध्ये इतकी कामं निघाली आहेत की ही सवय लावून घ्यायला याहून चांगली वेळ नाही.

आणि पक्षाला मिळणाऱ्या देणग्या?

२० हजार रुपयांवरच्या देणगीदाराचं नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायचं असतं. रोख देणगी २ हजारांपर्यंतच घेता येते. निवडणूक रोखे २०१८ ते २०२४ या काळात होते, आणि सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे विकले गेले. रोखे विकत घेऊन पक्षाला देणाऱ्याचं नाव जनतेला कळत नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि कंपन्यांच्या देणगीवरची मर्यादा काढून टाकणारी दुरुस्तीही रद्द केली.

नाशिकमध्ये सर्वांत मोठा देणगीदार कोण?

लोक कंपनीचं नाव ऐकायची वाट पाहतात. माझं उत्तर वेगळं आहे. आपल्याकडे प्रभाव बाहेरून येऊन आमदाराला विकत घेत नाही, बऱ्याचदा आमदार त्याच संस्थेतून वर येतो. बाजार समिती, विकास सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक, साखर कारखाना, दूध संघ, शिक्षण संस्था. सोसायटीच्या निवडणुकीत ज्याने पॅनल उभं केलं तोच पुढे विधानसभेला उभा राहतो, आणि संस्थेचे सभासद, नोकर, वाहनं, पुरवठादार हे सगळं त्याच्याबरोबर येतं. १९१४ मध्ये सुरू झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाची निवडणूक जिल्ह्यात एखाद्या विधानसभेसारखी गाजते, ते उगाच नाही.

याची किंमत शेतकऱ्याने मोजली आहे. पळसे आणि निफाडचे साखर कारखाने वर्षानुवर्षं बंद राहिले. जिल्हा बँक थकबाकीत गेली, तिच्यावर प्रशासक आला, आणि स्वतःच्याच ठेवी काढायला लोक शाखेसमोर रांगा लावून उभे राहिले. कर्ज देणाऱ्या, घेणाऱ्या आणि कायदा करणाऱ्या तिन्ही खुर्च्यांवर एकाच वर्तुळातली माणसं बसली, तर सभागृहात या विषयावर कडक प्रश्न कोण विचारणार? राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवायचा नियम आहे. आपल्या आमदारांनी सहकारातली आपली आणि घरच्यांची पदं अशा नोंदवहीत लिहावीत आणि ती लोकांना पाहता यावी, असं मला मनापासून वाटतं.

विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत हे कसं चालतं?

तिथे मतदारच संघटित व्यवसायाचा. नाशिक विभागात पाच जिल्हे येतात: नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर. शिक्षक आमदार जुनी पेन्शन, अनुदानाचे टप्पे, शिक्षकांचे प्रश्न यांवरच बोलणार, हे गृहीत आहे आणि त्यात लपवाछपवी नाही. गडबड तेव्हा होते, जेव्हा शिक्षकाच्या मतावर संस्थाचालकाचा हात असतो. ज्याने नोकरी दिली त्याच्याविरुद्ध आमदार बोलेल, अशी आशा मग कमीच.

पैसे घेऊन मत दिलं किंवा प्रश्न विचारला तर?

गुन्हा आहे. १९९८ च्या एका निकालामुळे सभागृहातल्या मतासाठी लाच घेतलेल्या सदस्याला संरक्षण मिळत होतं. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सीता सोरेन खटल्यात ते मोडीत काढलं: लाच घेतली की गुन्हा पूर्ण झाला, मग मत कोणालाही देवो. प्रश्न विचारायला पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली होती. त्यांतले दोघे आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले होते.

आमदाराने आपल्या भागातल्या उद्योगाची बाजू घेणं चूक आहे का?

नाही. मालेगावच्या आमदाराने यंत्रमागाच्या वीजसवलतीसाठी भांडू नये तर कोणी भांडावं? जायकवाडीला पाणी सोडायची वेळ येते तेव्हा जिल्ह्यातले आमदार पक्ष विसरून एकत्र येतात, कारण द्राक्षबाग, कारखाना आणि नाशिककरांचा नळ हे सगळं गंगापूर, दारणा या धरणांवरच चालतं. मराठवाड्याचे आमदार त्यांच्या बाजूने तेवढंच भांडतात. प्रतिनिधी त्यासाठीच असतो.

मी दोन गोष्टी तपासतो. तो जे मागतो ते उघड मागतो का? आणि कारखान्याच्या विजेसाठी भांडणारा आमदार त्याच कारखान्यात कंत्राटी मुलाची बोटं प्रेस मशीनमध्ये गेली तेव्हा कामगार उपायुक्तांना फोन करतो का? दुसऱ्या प्रश्नाला "हो" असं उत्तर देता येईल असे आमदार मी आयुष्यात मोजकेच पाहिले.

माझ्या आमदाराबद्दल मी स्वतः काय तपासू शकतो?

सुरुवात प्रतिज्ञापत्रापासून करा. उमेदवारी अर्जाबरोबर दिलेलं असतं, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. मालमत्ता, कर्जं, व्यवसाय, जमिनी, गुन्हे सगळं त्यात असतं. कोणत्या बँकेचं कर्ज आहे तेही वाचा. मग निवडणूक खर्चाचा हिशोब.

त्यानंतर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्याने विचारलेले तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी शोधा. वर्षाला तीन अधिवेशनं होतात, हिवाळी नागपूरला. एकेका अधिवेशनाचे प्रश्न वहीत विषयवार लिहून काढा: शेती, उद्योग, कामगार, पाणी, पोलीस. दोन-तीन अधिवेशनांत कोणता रकाना भरलेला आणि कोणता कोरा ते दिसू लागतं. मी हे चार आमदारांसाठी केलं आहे, प्रत्येकाला दोन रविवार पुरले. कोरा रकाना घेऊन आमदाराच्या संपर्क कार्यालयात जा आणि कारण विचारा. अधिवेशनाच्या आधी, प्रश्न पाठवायची मुदत संपण्यापूर्वी जा, कारण त्या सुमारास स्वीय सहायक विषयांच्या शोधातच असतात. पत्र लेखी द्या आणि पोच घ्या.